नवी टाकी, जुना स्पंज

सटाण्याला माझ्या दवाखान्यात तुम्ही कधी आला असाल, तर बाकड्यांसमोरची माशांची मोठी टाकी पाहिली असेल. इंजेक्शनच्या भीतीने रडणारं मूल तिच्यापुढे उभं केलं की दोन मिनिटांत शांत होतं आणि मला त्याची छाती नीट तपासता येते, म्हणून ती तिथे आहे. तिच्यावरून बरेच जण मला विचारतात : पाणी किती दिवसांनी बदलता, आमच्या घरचे मासे आठ दिवसांत का मरतात, तुमचे कसे जगतात? आज त्याचं उत्तर सविस्तर देतो. आरोग्याच्या लेखांत मासे कुठून आले असं वाटेल. पण यात अँटिबायोटिक आहे, लिव्हर आहे, आणि बोअरच्या पाण्याबद्दल एक गोष्ट आहे, जी घरात तान्हं बाळ असणाऱ्यांनी जरूर वाचावी.

आणि हो, माझेही मासे मेले आहेत. माझ्या हाताने.

पूर्वी आमच्याकडे दोन फुटी टाकी होती. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५५ लिटर पाणी. त्यात पाच गोल्डफिश. आणले तेव्हा बोटाएवढे होते, दोन-तीन वर्षांत तळहाताएवढे झाले. गोल्डफिश हा खादाड मासा, घाणही तेवढीच करतो. टाकी त्यांना अपुरी पडते आहे हे मला दिसत होतं. दम्यासाठी नेब्युलायझर घ्यायला येणारा एक सहा-सात वर्षांचा मुलगा मास्क लावून त्यांच्याकडे बघत बसे. दर वेळी बोटांवर मोजायचा, पाच. एकदा मास्क काढून मला म्हणाला, "डॉक्टरकाका, यांना पळायला जागाच नाही."

देवमामलेदारांच्या यात्रेचे दिवस होते, गावात गर्दी, थंडी चांगली पडलेली. मी चार फुटी टाकी करून घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी आणि पाण्याचंच वजन अडीचशे किलो. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट. खर्च बराच झाला, म्हणून म्हटलं आता सगळं नवंकोरं आणि स्वच्छ करू.

रविवारी दवाखाना बंद ठेवून मी आणि कंपाउंडर कामाला लागलो. जुन्या टाकीतली खडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घासली, गच्चीवर उन्हात वाळवली. जुन्या फिल्टरचा स्पंज काळा-तपकिरी, बुळबुळीत झाला होता. तो मी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला. नवा मोठा फिल्टर लावला. जुनं पाणी ओतून दिलं. नव्या टाकीत नळाचं पाणी भरलं, क्लोरीन घालवायला हायपोचे थेंब टाकले (हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, माशांच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतं), तासभर थांबलो आणि मासे सोडले. ऑपरेशन थिएटर तयार करावं तशी मी ती टाकी तयार केली होती. पाणी काचेसारखं. मासे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लागले. बायकोने फोटो काढले.

चौथ्या दिवशी पाणी थोडं दुधाळ दिसू लागलं. सहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेत होते, कल्ले लालभडक झाले होते. मी काय केलं असेल? रोज तुम्हाला जे करू नका म्हणून सांगतो, तेच केलं. तपासणी न करता औषध. जंतुसंसर्ग असेल असं ठरवून ड्रॉवरमधल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल उघडून पाण्यात टाकल्या. पाणी पिवळं झालं, फेस आला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला निळं औषध टाका, मग तेही टाकलं. हीच गोळी दुधाबरोबर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम तिला बांधून टाकतं आणि तिचा उपयोग होत नाही, असं मी पेशंटला सांगत आलो आहे. आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते तुमच्या गिझरची कॉइल सांगेल. त्या कॅल्शियमने भरलेल्या पाण्यात मी टेट्रासायक्लिन ओतत होतो.

दोन दिवसांत तीन मासे गेले. सोमवारी तो मुलगा आजीबरोबर आला. त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. आजी अहिराणीत म्हणाली, "काय व्हयनं डॉक्टर?" मी म्हणालो, उरलेले दुसऱ्या टाकीत ठेवलेत. म्हणजे खोटं बोललो.

त्याच संध्याकाळी रक्तदाब तपासायला एक निवृत्त विज्ञानशिक्षक आले. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं टाक्या आहेत. त्यांनी टाकीकडे बघितलं आणि माशांबद्दल एक शब्द न विचारता म्हणाले, "डॉक्टर, जुना स्पंज कुठे आहे?" मी सांगितलं, फेकला. ते म्हणाले, "अहो, विरजण फेकलंत तुम्ही."

अर्ध्या तासात ते परत आले. हातात स्टीलचा पोळीचा डबा. त्यात त्यांच्या टाकीतलं पाणी आणि त्या पाण्यात बुडालेला एक काळपट, घाणेरडा स्पंज. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसा. तो त्यांनी माझ्या नव्या फिल्टरमध्ये बसवला आणि खिशातून अमोनिया तपासायच्या किटची बाटली काढली. माझ्या टाकीच्या पाण्याचा रंग गर्द हिरवा झाला. चार पीपीएम. निरोगी टाकीत तो शून्य असतो.

आता यातलं शास्त्र समजून घेऊ, कारण तेच तुमच्याही शरीरात चालू आहे. प्रथिनं खाल्ली की त्यांच्या विघटनातून अमोनिया तयार होतो. अमोनिया हे विष आहे, मेंदूला तर फारच. माशाला त्याची फिकीर नसते, तो कल्ल्यांतून अमोनिया थेट पाण्यात सोडून देतो, कारण नदीत पाणी अमाप. आपण जमिनीवर राहतो, आपल्याला ते परवडत नाही. म्हणून आपलं लिव्हर अमोनियाचं युरियात रूपांतर करतं आणि किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. सिरॉसिसमध्ये लिव्हर निकामी झालं की अमोनिया रक्तात साठतो आणि माणूस बरळू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, शेवटी बेशुद्ध होतो. अशा पेशंटला आम्ही जुलाब होणारं गोड औषध देतो तेव्हा नातेवाईक गोंधळतात. ते औषध आतड्यातला अमोनिया बाहेर काढण्यासाठी असतं.

टाकीतल्या माशाला नदी नाही आणि टाकीला लिव्हर नाही. तिथे हे काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट माशाला बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे नसतात. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकट थर करून राहतात. तो बुळबुळीतपणा म्हणजेच ते. मी रविवारी टाकीचं लिव्हर कचऱ्यात टाकलं होतं आणि उरलंसुरलं ब्लीचिंग पावडरने मारलं होतं. वर औषधं टाकून स्पंजवर नव्याने बसू पाहणाऱ्यांनाही त्रास दिला, कारण निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, या जिवाणूंनाही सोसत नाही. पाणी मात्र स्वच्छ दिसत होतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. जड, अल्कधर्मी पाण्यात तो जास्त विषारी असतो हे आणखी एक.

हे जिवाणूंचं काम आहे हे पहिल्यांदा पॅरिसमध्ये १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दाखवलं. त्यांचा प्रयोग वाचला तेव्हा मला माझीच टाकी आठवली. काचेच्या उंच नळीत वाळू आणि चुनखडी भरून वरून गटाराचं पाणी हळूहळू सोडत राहायचं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसा घातला तसाच खालून बाहेर. मग नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवशीच झाली असती. त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी सुरू होईना. बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी घातलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं. पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी झुरिकला हे जिवाणू वेगळे काढले. गंमत म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा करणारा जिवाणू २०१५ मध्ये सापडला. त्यावर काम करणाऱ्या एका गटाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाला.

आपल्या बागलाणातल्या शेतकऱ्याला हे परकं वाटायला नको. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळणारा माणूस हेच करत असतो. फरक वेगाचा आहे. दह्याचे जिवाणू रात्रीत दूध लावतात. हे मात्र सावकाश वाढतात. जुलाबाचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना परिस्थिती चांगली असूनही कित्येक तास, कधी दिवसभर लागतो. थंडीत त्याहून जास्त. म्हणून अगदी नव्या टाकीला बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दिले होते ते साठ मिनिटं.

सरांचा स्पंज लावल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. रोज चौथाई पाणी बदललं, खाणं जवळजवळ बंद केलं. तीन-चार दिवसांत अमोनिया उतरू लागला, पण नायट्राइट वाढलं. एक मासा पुन्हा तळाशी बसून राहिला. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्याचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि ते ऑक्सिजन वाहत नाही. माशाचं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. यावर सरांनी सांगितलेला उपाय मला आधी घरगुती वाटला, नंतर वाचल्यावर पटला : मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटशी स्पर्धा करतो आणि त्याला आत शिरू देत नाही. खडे मीठ, लिटरला साधारण एक ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून. गोल्डफिशला तेवढं चालतं. सगळ्या माशांना आणि वनस्पतींना चालतं असं समजू नका.

त्या आठवड्यात एका रात्री लाईट गेली. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, फिल्टर बंद पडला की ते आतल्या आत गुदमरतात. सकाळी सहाला लाईट येईपर्यंत मी आणि कंपाउंडर आळीपाळीने मगाने पाणी काढून वरून ओतत होतो. तेव्हापासून बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला आहे. तीन आठवडे लागले. दोन मासे वाचले.

तुम्हाला मोठी टाकी घ्यायची असेल तर जरूर घ्या. पाणी जास्त असलं की विष पातळ होतं, मोठी टाकी सांभाळायला सोपी. फक्त जुनी टाकी लगेच मोडू नका. जुना फिल्टर जसाच्या तसा नव्या टाकीत नव्या फिल्टरशेजारी महिनाभर चालू द्या. तो बसत नसेल तर त्यातला स्पंज काढून नव्यात ठेवा. जुनी खडी न धुता जाळीच्या पिशवीत घालून टाका. हे सगळं हलवताना टाकीच्याच पाण्यात ओलं ठेवा, वाळलं की संपलं. स्पंज फार तुंबला तर काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळा, नळाखाली कधीच नाही. आपण पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालतो तो जिवाणू मारायलाच, त्याला चांगला-वाईट कळत नाही. मासे पिशवीत घालून वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल, मग थोडं थोडं नवं पाणी पिशवीत घालून सोडा. पहिला महिना खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. नवे मासे आणायचे नाहीत, कितीही जागा रिकामी दिसली तरी. आणि किट घ्या. किटच्या किमतीत दोन-चार मासे येतात म्हणून लोक किट घेत नाहीत आणि मासेच घेत राहतात.

बाजारात जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात. काहींनी मदत होते, काहींत आतले जिवाणू दुकानाच्या उन्हातच मेलेले असतात, बाहेरून ओळखता येत नाही. ओळखीच्या निरोगी टाकीतला स्पंज मिळत असेल तर मी तोच घेईन.

इथे तुम्हाला तुमचं पोट आठवलं असेल. आतड्यातले जिवाणू हे टाकीतल्या जिवाणूंपेक्षा पूर्ण वेगळे आहेत, पण प्रसंग ओळखीचा आहे. साध्या सर्दीला "स्ट्राँग" गोळी मागणारे पेशंट मला रोज भेटतात. सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूवर. सर्दी आपल्या वेळेने जाते, आतड्यातली वस्ती मात्र विस्कटते आणि जुलाब लागतात. बहुतेकांचे थांबतात. काहींच्या आतड्यात रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू घर करतो, तो जिवावर बेततो. १९५८ मध्ये अमेरिकेत आइझमन या सर्जनने आतड्याच्या अशाच जीवघेण्या आजाराच्या चार पेशंटना निरोगी माणसाची विष्ठा एनिमाने दिली आणि ते बरे झाले. किळस वाटली ना? मलाही तो काळा स्पंज बघून वाटली होती. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये रीतसर तुलना झाली : वारंवार हा आजार होणाऱ्या १६ पैकी १३ जण पहिल्याच डोसला बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४. हा उपचार मोठ्या रुग्णालयात, दात्याच्या तपासण्या करूनच होतो. घरी असलं काही करायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणि डॉक्टरांनी तपासून, गरज आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं असेल तर ते पूर्ण घ्या. न्यूमोनियाच्या पेशंटने माझ्या माशांची गोष्ट वाचून गोळ्या थांबवल्या असं मला ऐकायचं नाही.

आता बोअरची गोष्ट. टाकी स्थिरावल्यावर मी नळाऐवजी दवाखान्याच्या बोअरचं पाणी वापरू लागलो, क्लोरीनची कटकट नको म्हणून. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पण नायट्रेट काही उतरेना. पाणी बदललं की ते कमी व्हायला हवं. एक दिवस कंटाळून मी टाकीऐवजी थेट बोअरचं पाणी तपासलं. पट्टी गुलाबी झाली. प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तिथेही नायट्रेट मर्यादेच्या वर आलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. टाकीतले जिवाणू करतात तेच शेताच्या मातीतले करतात : युरिया आणि शेणखतातल्या अमोनियाचं नायट्रेट. पिकाने घेतलं ते घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली विहिरीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत जास्त नायट्रेटच्या नोंदी आहेत. संडासाचा शोषखड्डा विहिरीला लागून असेल तर तेही कारण.

मोठ्या माणसाला याने सहसा लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला होऊ शकतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट सहज होतं आणि निकामी झालेलं हिमोग्लोबिन दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्याकडे अजून कच्ची असते. विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून दिलेली बाळं निळी पडतात, हे अमेरिकेत आयोवातल्या कॉम्ली यांनी १९४५ मध्ये लिहून ठेवलं. माझ्या तळाशी बसलेल्या माशाला जे झालं तेच. उपचार म्हणून रुग्णालयात मिथिलीन ब्लू शिरेतून देतात. होय, तेच निळं औषध. पण शुद्ध, मोजून, आणि कुणाला चालत नाही हे बघून.

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट घट्ट होतं. क्लोरीन किंवा तुरटीनेही जात नाही. आरओने बरंच कमी होतं. सहा महिने आईचं दूध पाजत असाल तर बाळाला हे पाणी द्यायचा प्रश्नच येत नाही, वरचं पाणीही नको. काही कारणाने वरचं दूध द्यावंच लागत असेल आणि घरी विहीर किंवा बोअर असेल, तर आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत ही तपासणी होते. बाळाचे ओठ, नखं निळसर-करडी दिसली तर लेख वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

त्या मुलाला मी नंतर खरं सांगितलं. तीन मासे मेले आणि माझ्या चुकीने मेले. त्याने विचारलं, "तुम्ही तर डॉक्टर ना?" मी म्हणालो, हो. त्याचा दमा आता बराच आटोक्यात आहे, इनहेलर नीट घेतो, दवाखान्यात क्वचित येतो. आता टाकीत सात मासे आहेत. त्यातले ते दोन जुने कोणते हे त्याला माझ्याआधी ओळखता येतं.

मागच्या महिन्यात ताहाराबादकडचे एक पेशंट मुलीसाठी फिशटँक घेऊन घरी निघाले होते, वाटेत औषध न्यायला थांबले. मी कंपाउंडरला फिल्टर उघडायला सांगितलं. अर्धा स्पंज कात्रीने कापला, टाकीचं पाणी भरलेल्या त्यांच्याच जेवणाच्या डब्यात बुडवून दिला. डबा त्यांनी नाक मुरडूनच घेतला. म्हटलं, झाकण सैल ठेवा आणि आज रात्रीच लावा, उद्यावर टाकू नका.